पडलं ते जमिनीचं

३ फेब्रुवारी

आज ठमी पलंगावरून पडली. तिला काही लागलेलं नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

दुपारी तिचे कपडे बदलत होते. नऊ महिन्यांचं पोर, पण एका जागी ठरेल तर शपथ. मी पावडरचा डबा घ्यायला मान वळवली तेवढ्यात ती पालथी झाली, कडेला आली आणि गेली. मान वळवली म्हटलं तरी ती जाताना मला दिसली. पुरती दिसली. हात लांब केला असता तर दंडाला धरता आली असती. मी काय केलं? एक पाऊल मागे सरले आणि दोन्ही हात खांद्यांपर्यंत वर घेतले, तळवे पुढे करून.

खाली धुवायला काढलेल्या पांघरुणांचा ढीग होता, त्यावर ती पडली. आधी गप्प, मग भोकाड. आणि मी तशीच उभी, कुणी पिस्तूल रोखल्यासारखी.

असं का झालं ते मला चांगलं माहीत आहे, आणि म्हणूनच भीती वाटते. आमच्याकडे काच फुंकतात. बाटल्या नाहीत, झुंबरं नाहीत. नवरा काचेची शिल्पं करतो आणि हौशी लोक ती घरी नेऊन जीवापाड जपतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच्या जोडीला भट्टीत उभी आहे. तिथला पहिला नियम माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेला. पडलं ते जमिनीचं. तापलेली काच फुंकायच्या नळीवरून सुटली की झेलायची नाही, मग ती किती का मोलाची असेना. हात वर, पाय मागे. डोक्याने ठरवून हे जमत नाही, कारण डोकं उशिरा पोचतं. ते अंगात मुरावं लागतं. माझ्या अंगात किती मुरलंय ते आज कळलं.

ठमीला उचलून छातीशी धरलं आणि वळले तर सासूबाई दारात. हातांना भांड्यांचा साबण तसाच. "काय पडलं गं?" त्यांनी विचारलं. "उशी," मी म्हटलं. ठमी कानाचे पडदे फाटतील एवढं रडत होती. त्या "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. नळाचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून ही वही. भट्टीमागच्या खोलीत, शिल्पं बांधायच्या पेंढ्याआड ठेवणार आहे.

५ फेब्रुवारी

दिवसभर काम होतं आणि दिवसभर मी माझ्याच हातांकडे बघत होते. पैलवानाने विचारलंसुद्धा, "वहिनी, हाताला लागलंय का?" पैलवान आमचा मदतनीस. फुंकर मारली तर उडेल असा आहे, म्हणून पैलवान.

सासरे शिकवायचे ते सारखं आठवत होतं. न सांगता, मुद्दाम, नळीच्या टोकावरचा लाल गोळा खाली सोडायचे आणि आमच्या हातांकडे बघायचे. ज्याचा हात पुढे येईल त्याने त्या दिवशी घरी जायचं. पैलवान पहिल्या महिन्यात भट्टीत कमी आणि घरी जास्त होता. मला त्यांनी एकदाही पाठवलं नाही. "हिचे हात शहाणे आहेत," असं सगळ्यांदेखत म्हणाले. कुणाला कधी बरं म्हणायचे नाहीत, त्यामुळे ते वाक्य मी किती वर्षं मिरवलं.

घरी आल्यावर आईंनी ठमीला माझ्यापुढे केलं. मी म्हटलं, हात धुवून येते. हात धुतल्यावर म्हटलं, कपडे बदलते. तोवर ती झोपली. सुटले असं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून लाज वाटली.

९ फेब्रुवारी

आईंचं मनगट दुखावलंय. "आता काही दिवस पोरीला उचलायचं तूच बघ, माझ्याच्याने व्हायचं नाही," म्हणाल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तर सगळं उचलणं त्यांच्यावरच ढकलायचा बेत करत होते.

मग युक्ती काढली. ठमीला उचलायचंच नाही. गादी जमिनीवर आणली. या खोलीतून त्या खोलीत न्यायची झाली तर तिला चादरीवर बसवते आणि चादर ओढत नेते. तिला वाटतं खेळ आहे, खिदळते. दूध पाजायला मी आधी खाली बसते आणि तिला सरपटत येऊ देते. जमिनीवरचं माणूस पडून पडून पडणार कुठे? नवरा बघून हसला. "घरात गाडी सुरू केलीस होय?" म्हणाला.

संध्याकाळी बघते तर आई भरलेली बादली उचलून बाहेर नेतायत. दुखऱ्या हाताने. मी म्हटलं, "अहो आई, द्या इकडे." तर म्हणाल्या, "बादलीचं वेगळं." काय वेगळं ते त्यांनाच ठाऊक. म्हातारी माणसं दुखणंसुद्धा आपल्या सोयीने काढतात.

आणखी एक. भाजी चिरता चिरता त्यांनी एकदम "घे गं" म्हणून माझ्याकडे लिंबू फेकलं. मी मागे सरले, हात वर. लिंबू कपाटाखाली गेलं. मला वाटलं बोलतील. त्यांनी केरसुणीच्या दांड्याने ते बाहेर काढलं, धुतलं आणि मुकाट्याने चिरलं.

१४ फेब्रुवारी

संग्रहवाल्या बाई भट्टीत आल्या होत्या. नवऱ्याच्या 'तोल' या शिल्पांचं नाव झालं ते त्यांच्यामुळे. पहिला तोल त्यांनीच घेतला, मग त्यांचं बघून इतरांनी. तोल म्हणजे उंच, पोकळ काचेचं अंग, बाहेरून धुरकट, आतून दुधी, आणि इतकं कललेलं की बघणाऱ्याचा हात नकळत पुढे यावा. पडत मात्र नाही, बुडाशी भरीव काच असते. आता बाईंना सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कललेला तोल हवाय. त्यासाठी घरात जिन्याच्या वळणावर जागा करून ठेवलीये.

मला राहवलं नाही. "वळणावर कशाला? येता-जाता धक्का लागेल. बंद कपाटात ठेवा की."

"मग घेऊच कशाला?" बाई म्हणाल्या. "जे फुटूच शकत नाही त्याच्याकडे आपण दोन दिवसांनी बघतसुद्धा नाही. ह्याच्या शेजारून जाताना मी रोज श्वास धरून जाते. त्या श्वासासाठी घेते मी."

नवऱ्याने मोठी मान डोलावली. मी मनात म्हटलं, बाई, आमच्याकडे राहायला या. आमच्या घरात हे फुकट आहे.

जाताना त्यांना मागच्या खोलीत चादरीवर बसलेली ठमी दिसली. त्यांनी हातातली पर्स ठेवली, वाकल्या आणि तिला उचलून घेतलं. असं सहज, जसा मी पेला उचलते. "केवढी जड आहे गं, तोलाएवढी," म्हणाल्या. ठमी त्यांच्या चष्म्याला लोंबकळत हसत होती. परत माझ्याकडे देऊ लागल्या तेव्हा मी फडक्याला हात पुसत राहिले. शेवटी त्यांनी तिला खाली ठेवलं. त्यांना विचित्र वाटलं असणार.

१५ फेब्रुवारी

आज ठमीला एकदाही उचललं नाही. कुणाच्या लक्षात आलं नसावं.

२० फेब्रुवारी

आईंचं डोकं ठिकाणावर आहे ना अशी शंका येते. घरात वस्तू हातात द्यायची पद्धतच बंद झालीये. लिंबू, कांदा, लोकरीचा गुंडा, मोज्यांची गुंडाळी, सगळं हवेतून. आधी "घे गं" तरी म्हणायच्या, आता तेही नाही. मी दर वेळी मागे, हात वर, आणि घरभर कांदे. आज चिडून म्हटलं, "अहो आई, हातात दिलंत तर बिघडेल का?"

"हात पोचत नाही माझा," म्हणाल्या. दोन पावलांवर उभ्या होत्या.

नवऱ्याकडे तक्रार केली. तो म्हणाला, "खेळू दे गं. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण." त्याचं काय जातं, कांदे वेचायला मी आहे.

पण दर कांद्याला माझ्या छातीत धस्स होतं. प्रत्येक वेळी कळतं की हात अजून तसेच आहेत. आईंना माहीत नाही त्या मला काय करतायत.

दुपारी लोकर गुंडाळायला बसलो तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या भुवईवरच्या खुणेचा विषय काढला. मी विचारलंही नव्हतं. ठमीएवढाच होता म्हणे. टेबलावरून पडला, स्टुलाच्या कडेने भुवई फाटली.

"तुम्ही कुठे होता?" मी विचारलं.

"मी बाहेर. हे होते ना. अगदी शेजारी." गुंडा पुरा होत आला. मग म्हणाल्या, "घरात सगळे त्यांना काय काय बोलले. त्यानंतर त्यांनी पोराला कधी कडेवर घेतलं नाही."

मी म्हटलं, "कामात असतील."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि गुंडा फेकला. मी मागे सरले.

२४ फेब्रुवारी

मोठ्या तोलाची तयारी सुरू झाली. लहान आकारावर सराव चाललाय. शेवटचं काम माझं असतं. शिल्प पुरं झालं की मी चंदेरी कोट आणि कोपरापर्यंतचे जाड हातमोजे चढवते आणि दोन्ही हात खाली धरून उभी राहते. नवरा शिल्पाच्या मानेवर, जिथे ते नळीला चिकटलेलं असतं तिथे, पाण्याचा थेंब सोडतो, नळीवर लाकडाचा एक टोला मारतो, आणि शिल्प सुटून माझ्या हातांत येतं. मग मी ते काच सावकाश निववायच्या पेटीत नेऊन ठेवते. आजवर माझ्या हातून एकही गेलेलं नाही. गंमत बघा, भट्टीत सगळ्यांत भरवशाची घेणारी मी.

पण ते घेणं वेगळं. तेव्हा मला सांगितलेलं असतं की आता येणार. आणि मोजे घातले की हात माझे नसतात, कामाचे असतात.

यावरून एक वेडेपणा सुचला. मोजे घरी आणले. सगळे आपापल्या कामात आहेत असं बघून चढवले आणि ठमीला उचललं. नीट उचललं. धरलंही. तिने त्या राखाडी पंजांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि किंचाळायला लागली. मी तिला म्हटलं, अगं मीच आहे. तिला पटेना. तिला माझ्या हाताची कातडी शोधायची होती, ती मोज्यांच्या आत तोंड घालायला बघत होती.

आई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. मी वळले तशा त्या खुर्चीवर बसल्या आणि पदराने तोंड झाकून घेतलं. हसू आवरत असणार. दिसत असेनच मी हसण्यासारखी.

२८ फेब्रुवारी

विशेष काही नाही. नळी बदलली, पैलवानाला ताप. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या करत होते, मन कुठेतरी भलतीकडे होतं, आणि बघते तर हातात पायमोज्यांची गुंडाळी. आईंनी फेकली असावी. मी ती कपाटात ठेवली. त्यांनी पुन्हा काही फेकलं नाही, चहा केला, आणि त्यात इतकी साखर घातली की चमचा उभा राहावा. मनगट बरं दिसतंय. गुणगुणत होत्या.

४ मार्च

आज नवऱ्याला सांगायचंच असं ठरवलं होतं. तो बाकावर बसून ओल्या वर्तमानपत्राच्या घड्या करत होता. या घडीने तो काच हातात घेतल्यासारखी वळवतो. कागद जळत जातो, काच वळत जाते. एकदम कसं सांगणार म्हणून मी आडून सुरुवात केली.

"तू पडलास तेव्हा बाबा शेजारी होते ना?"

"भुवईचं म्हणतेस? असतील. मला कुठे आठवतंय."

"मग धरलं का नाही त्यांनी?"

"नसेल जमलं," तो म्हणाला. हसतच म्हणाला. "बाबा आणि मला धरणं? त्यांनी मला हात लावल्याचं एवढंच आठवतं की नळी कशी धरायची ते दाखवताना माझी बोटं त्यांनी जागेवर बसवली. मी तर मुद्दाम चुकीची धरायचो." आणि पुढची घडी घेतली.

सासऱ्यांनीही हात वर केले होते. आज मला ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं कळलं. ते वाईट बाप नव्हते, त्यांना भीती वाटत होती. आणि ते भ्याले ते शेवटपर्यंत. त्यांचे हात शहाणे, माझे हात शहाणे. उद्या ठमी मोठी होईल आणि कुणाला तरी असंच हसत सांगेल, आई ना, आईने मला चादरीवरून ओढत नेल्याचं आठवतं. तिला ते दुःखाचंसुद्धा वाटणार नाही. याची मला फुटण्यापेक्षा, पडण्यापेक्षा, कशाहीपेक्षा जास्त भीती वाटते.

नवऱ्याला सांगितलं नाही. त्याच्या डोक्यात मोठा तोल आहे.

५ मार्च

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे. मी पाणीही पिईनाशी झालेय. आज ठमी खुर्ची धरून पहिल्यांदा उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उभी राहिली म्हणजे आता ती कुठूनही पडू शकते, एवढंच माझ्या डोक्यात आलं. गुडघे लटलटत होते तिचे. मी भिंतीला पाठ लावून बसले आणि हात मांड्यांखाली दाबून धरले.

आईंनी तेवढ्यात माझ्याकडे चेंडू फेकला. हात मांड्यांखाली असल्यामुळे तो तोंडावर बसला. ठमीला एवढं हसू आलं की ती खाली बसली. आईसुद्धा हसल्या. मीही हसले. आणि मग रडू आलं ते थांबेना. आई जवळ येऊन बसल्या. "हात मोकळे ठेव गं," एवढंच म्हणाल्या.

१० मार्च

उद्या मोठा तोल. पैलवान ताप उतरून परत आलाय. संग्रहवाल्या बाई मागे खुर्ची टाकून बघणार आहेत. श्वास धरायला.

नवरा घाबरलेला आहे, म्हणजे कामाआधी असावा तेवढाच. मी घाबरलेय ती वेगळीच. भट्टीत मला कशाचीच भीती नाही, तिथे माझे हात बरोबर आहेत. उद्या दिवसभर बरोबर असायला मिळणार, याचं बरं वाटतंय.

१३ मार्च

(अक्षर माझं, म्हणजे तिच्या सासूचं. तिचे दोन्ही हात बांधलेले आहेत. वही कुठे आहे ते तिने सांगितलं आणि मागचं वाचू नका म्हणाली. वाचलं नाही. ती सांगते तसं लिहिते.)

आई, लिहा. परवा मोठा तोल फुटला.

सकाळपासून सगळं मनासारखं चाललं होतं. आकार नळीवर धरला होता, ठमीहून जड. नवरा बाकावर नळी फिरवत होता, पैलवान टोकाला बसून फुंकत होता, आणि मी लाकडी फळी धरून उभी होते, नवऱ्याच्या हाताला धग लागू नये म्हणून. कोट नाही, मोजे नाहीत. ते शेवटी घालायचे असतात. मग नवरा उठला आणि तोल यावा म्हणून आकार कलता धरला. कललेला इतका सुंदर दिसला की तो बघत राहिला. जरासा जास्त बघत राहिला. तेवढ्यात नळीजवळची मान निवली. टक् असा आवाज आला. तो आवाज आम्हाला तिघांनाही ओळखीचा आहे.

काच सुटली.

मी फळी टाकली आणि दोन्ही हात पुढे केले.

नाही, विचार केला नाही. बाईंसाठी नाही, शिल्पासाठी नाही. हात गेले. तळव्यांवर आली, क्षणभर राहिली, मग घसरली आणि जमिनीवर फुटली. वाचली काही नाहीच. मी खाली बसले आणि वर पाहिलं, तर नवरा आणि पैलवान दोघे एक पाऊल मागे, हात खांद्यांपर्यंत वर, तळवे पुढे. शहाणे दोघे. मला हसू फुटलं. पैलवानाने माझे हात कागद भिजवायच्या बादलीत दाबून धरले होते आणि मी हसत होते. नवरा ओरडत होता, "वेड लागलं का तुला? तुला? तू झेललंस?" हो म्हटलं, मी झेललं. बाईंनी श्वास सोडला नव्हता बहुतेक, त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, बोटं वळतील. दोन बोटांच्या टोकांना कदाचित यापुढे काही कळणार नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता हे लिहा, आई. उशी पडली नव्हती. त्या दिवशी, फेब्रुवारीत. ठमी पडली होती. मी शेजारी होते आणि मी हात

(मला माहीत आहे.)

का थांबलात? लिहा ना.

(लिहिलं. मी दारातच होते. तुझे हात पाहिले. तसे हात मी आधी एकदा पाहिले होते, बाहेरून धावत आत आले तेव्हा. तेव्हा घरदार ह्यांना बोललं. बोलून हात सुधारत नाहीत गं, आणखी भितात. म्हणून मी या वेळी बोलले नाही.)

म्हणजे ती लिंबं?

(लिंबं. कांदे. लोकर. मनगटही दुखत नव्हतं. ह्यांनी लाल गोळे टाकून हात मागे घ्यायला शिकवलं ना, म्हटलं आपण लिंबं टाकून पुढे करायला शिकवू. पण भट्टीचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही. घरापुरते हात सुधारायला गेले आणि ते भट्टीत जाळून बसले. करायला गेले एक.)

आई, रडू नका, शाई पसरेल. पुढे लिहा. भीती गेली का म्हणाल, तर नाही गेली. आता दुसरी आली. भट्टीत मी उभी राहू शकत नाही, हे हात कधी पुढे जातील नेम नाही. जाड मोजे पैलवानाला दिलेत, त्याच्या कोपराच्या वर जातात. मी काय करणार पुढे, ठाऊक नाही. दोन्ही जमेल असे हात कुणाचे असतात का, तेही ठाऊक नाही. पण तुम्हाला सांगते, काच काय आणि पोर काय, हातांना कुठे कळतं. ते पुढे गेले. मी बघितलं.

(तो दारात उभा राहून ऐकत होता. किती वेळ, माहीत नाही. त्याने भुवईवर बोट फिरवलं, ठमीला कडेवर घेतलं आणि तिला घेऊन बाहेर गेला. अजून आलेला नाही.)

बाईंचा निरोप आलाय, घाई नाही म्हणून. जिन्याच्या वळणावरची जागा रिकामी आहे तरी त्या तिथून श्वास धरूनच जातात म्हणे. त्यांना सांगा की

(इथे ती झोपली. औषधाने झोप येते. पुढचं माझं.

ठमी खुर्ची धरून उभी राहते आणि हाताला लागेल ते फेकते. माझं बघून शिकली, दुसरं काय. आज सकाळपासून सगळं तिच्या आईकडेच फेकत होती, चमचा, वाटी, मोजा. ही दर वेळी दोन्ही हात पुढे करते, बांधलेले तसेच. चमचा फडक्यावर आपटतो, तिला कळ जाते, डोळ्यांत पाणी येतं. चमचा काही हातात राहत नाही. मी म्हटलं, "अगं, दुखतंय ना, पडू दे की." तर म्हणाली, "दुखू दे. तुम्ही तिला चमचा द्या."

मी खाली वाकून चमचा उचलला आणि ठमीच्या हातात दिला.)